घरासाठी हीट पंप किती मोठा घ्यावा? आधी बादल्या मोजा

आंघोळीच्या पाण्यासाठी हीट पंप घ्यायला निघालं की दुकानात पहिला प्रश्न येतो, "घरात माणसं किती?" सहा म्हटलं की समोरून उत्तर तयार असतं, "मग तीनशे लिटर घ्या." माणशी पन्नास लिटर, झाला हिशोब. नाशिकच्या आमच्या घरासाठी आम्ही चौकशी करत होतो तेव्हा तीन ठिकाणी हेच ऐकलं. नळाला पाणी किती थंड येतं, शॉवर आहे की बादली, सगळे एकाच वेळी आंघोळ करतात की दिवसभरात, हे कुणीच विचारलं नाही. माप मात्र याच गोष्टींवर ठरतं.

हा लेख पहिल्यांदाच हीट पंप घेणाऱ्यांसाठी आहे. गणित आहे, पण बेरीज-गुणाकाराच्या पलीकडचं नाही. एक आठवडा मोजमाप आणि एक संध्याकाळ वहीपेन, एवढा वेळ दिलात तर योग्य मापाचं यंत्र तुम्हीच निवडू शकाल.

यंत्र करतं काय

फ्रिजच्या मागे हात लावला की गरम लागतं. आतल्या भाजीपाल्यातली उष्णता काढून फ्रिज मागे टाकत असतो. हीट पंप तेच काम उलट्या हेतूने करतो. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात सोडतो. वीज लागते ती ही उष्णता उचलून नेण्यापुरती, म्हणजे कॉम्प्रेसर आणि पंखा चालवायला. म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता पाण्याला मिळते. या पटीला सीओपी म्हणतात. हवा उबदार असेल तर ती चारपर्यंत जाते, कडाक्याच्या थंडीत तीनच्या खाली येते.

त्याची दुसरी बाजूही आधीच समजून घ्या. हीट पंप सावकाश काम करतो. गिझरचं बटण दाबून दहा मिनिटांनी बादली भरायची सवय असेल तर इथे ती मोडावी लागेल. पाणी आधी तापवून टाकीत साठवायचं, मग वापरायचं.

माझ्या सासूबाईंना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे बंबच की." त्यांच्या माहेरी तांब्याचा बंब होता. पहाटे एकदा पेटवायचा, वरून गार पाणी ओतायचं आणि नळीतून कढत पाणी घ्यायचं. हीट पंपाच्या टाकीतही असंच होतं. गार पाणी तळाशी शिरतं आणि वरचं गरम पाणी नळाकडे ढकलतं. बंबाला मोठा जाळ लागत नसे. पाणी पुरेसं मावलं आणि निखारे टिकले की घरभराच्या आंघोळी होत. पुढचा सगळा लेख याच गोष्टीवर उभा आहे: टाकी पुरेशी मोठी आणि यंत्र बेताचं.

आधी हे ठरवा: तुम्हाला गरज आहे का?

फ्लॅटमध्ये तिघं राहतात आणि तिघंही दीड-दीड बादलीत आंघोळ करतात, अशा घरी हीट पंप घेऊ नका. हिवाळ्यातही त्यांना दिवसाला दोन-सव्वादोन युनिट वीज लागते. हीट पंपाने त्यातलं जेमतेम एक-सव्वा युनिट वाचेल, कारण टाकीतलं पाणी दिवसभरात थोडं निवतं आणि ती भरपाईही करावी लागते. किंमत गिझरच्या कित्येक पट. ते पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील. चांगला गिझर घ्या आणि आंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं लावा.

हीट पंप शोभतो तो चार-पाच माणसांच्या पुढे, शॉवरची सवय असलेल्या घरी, दोन-तीन बाथरूमच्या बंगल्यात, रो हाउसमध्ये. गच्चीवर सोलर बसवायला जागा किंवा सरळ ऊन नसेल, किंवा कोकणात, लोणावळ्याकडे पावसाळ्याचे चार महिने सोलर नुसता शोभेला उरत असेल, तर तिथे तो खरोखर उपयोगी पडतो. पावसाळ्यातली हवा दमट आणि उबदार असते, आणि या यंत्राला ती चांगली मानवते.

पायरी १: आठवडाभर पाणी मोजा

एक साधा डिजिटल थर्मामीटर आणा, स्वयंपाकघरात वापरतात तसा टोकदार. तापाचा चालणार नाही. एक बादली घ्या आणि ती किती लिटरची आहे ते मोजून घ्या. बाजारातली मोठी बादली अठरा-वीस लिटरची असते, पण आपण ती काठोकाठ भरत नाही.

मग तीन गोष्टी टिपा.

पहिली, नळाच्या थंड पाण्याचं तापमान. हे थंडीच्या दिवसांत, सकाळी सहाच्या सुमारास मोजा. आमच्याकडे जानेवारीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी साधारण २० अंश भरलं. निफाडकडे थंडी जास्त, तिथे त्याहून खाली जाईल. बोअरचं ताजं पाणी हिवाळ्यातही बऱ्यापैकी कोमट असतं. हा आकडा तुमच्याच नळाचा हवा.

दुसरी, आंघोळीच्या पाण्याचं तापमान. सासूबाई आधी कढत पाणी काढतात, मग विसण घालतात आणि कोपर बुडवून बघतात. त्यांचं मनासारखं झालं की "हं" म्हणतात. मी त्या क्षणी थर्मामीटर बुडवला. ४१ अंश. दुसऱ्या दिवशी ४०, तिसऱ्या दिवशी परत ४१. कोपराचा अंदाज इतका पक्का असतो हे बघून मला फार नवल वाटलं. बहुतेकांची आंघोळ ३८ ते ४१ अंशांत बसते. हिशोबाला ४० धरा.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, शॉवरमधून मिनिटाला किती पाणी पडतं. शॉवरखाली बादली ठेवा, नेहमी सोडता तेवढाच सोडा, फोनवर एक मिनिट लावा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या शॉवरचं उत्तर आलं ९ लिटर. प्रेशर पंप असेल तर तो चालू ठेवून मोजा. पुढे पंप बसवायचा विचार असेल तर हेही धरा की पाण्याचा ओघ दीडपट-दुप्पट होऊ शकतो. छताला लावतात तो मोठा शॉवर तर मिनिटाला पंधरा-वीस लिटरही सहज ओततो. तो लावल्यावर टाकी पुरत नाही म्हणून यंत्राला दोष देणारे लोक मी पाहिले आहेत.

आमच्या वहीतली नोंद अशी होती. सासरे आणि सासूबाई दीड-दीड बादली, मिळून ६० लिटर. मी सहा मिनिटं शॉवर, ५४. नवरा पाच मिनिटं, ४५. कॉलेजात जाणारी मुलगी दहा मिनिटं, ९०. धाकटा दोन बादल्या, ४०. बेरीज २८९. भांडी, तोंड-हात वगैरेला २० धरले. म्हणजे दिवसाला ३१० लिटर कोमट पाणी.

मुलीला मोजतोय हे कळलं तेव्हा पहिल्या दिवशी तिने चारच मिनिटांत आटोपलं. म्हणून एक दिवस मोजून भागत नाही, आठवडाभर मोजा. केस धुण्याचा दिवसही त्यात येऊ द्या.

पायरी २: विसणाचा हिशोब

३१० लिटर कोमट पाणी म्हणजे ३१० लिटर कढत पाणी नव्हे. टाकीत पाणी ५५ अंशांचं असतं, आपण त्यात विसण घालून ४० करतो. मग कढत पाण्याचा वाटा किती?

हवं ते तापमान वजा नळाचं तापमान: ४० − २० = २०.
टाकीचं तापमान वजा नळाचं तापमान: ५५ − २० = ३५.
२० भागिले ३५ = ०.५७.

म्हणजे वीस लिटरच्या बादलीत साडेअकरा लिटर कढत आणि साडेआठ लिटर विसण. ३१० लिटरला कढत पाणी लागेल ३१० × ०.५७, म्हणजे १७७ लिटर.

नळाचं पाणी १५ अंश असेल तर हा वाटा ०.६३ होतो. मे महिन्यात नळालाच ३० अंशांचं पाणी येतं आणि आंघोळीला ३८ पुरतं, तेव्हा तो ०.३२ वर येतो, म्हणजे बादलीत तिसरा हिस्सासुद्धा कढत लागत नाही. माप हिवाळ्याचं घ्यायचं. वर्षभराची बचत काढताना मात्र उन्हाळ्याचा आकडाही वापरा. जानेवारीची बचत बाराने गुणून सांगणारा माणूस तुम्हाला फुगवलेला आकडा देतोय.

पायरी ३: टाकी ठरवा

२०० लिटरच्या टाकीतून २०० लिटर कढत पाणी मिळत नाही. खालून गार पाणी शिरत राहतं आणि शेवटी शेवटी दोन्ही मिसळतात. उभ्या टाकीतून साधारण ८५ टक्के पाणी चांगलं गरम मिळतं, असं धरून चाला. आडव्या टाकीत गार आणि गरम पाणी लवकर मिसळतं, तिथे सत्तर-पंचाहत्तर टक्केच धरा. छताखाली आडवी टाकी बसवायची असेल तर हा फरक विसरू नका.

आमचा हिशोब: १७७ ÷ ०.८५ = २०८ लिटर. म्हणजे २०० लिटरची टाकी. दुकानातल्या ३०० पेक्षा शंभर लिटरने कमी.

८ लिटर कमी पडतात ते चालतं का? चालतं, कारण सगळं पाणी एका वेळी लागत नाही. आमच्याकडे सहा ते आठ या वेळात चौघांच्या आंघोळी होतात, मिळून २२९ लिटर कोमट पाणी. सासू-सासरे दहाच्या सुमारास करतात, तोपर्यंत यंत्राने पुन्हा तापवलेलं असतं. म्हणून दिवसाच्या बेरजेइतकीच सकाळच्या गर्दीची बेरीजही वेगळी काढा. ज्या घरात सगळ्यांना साडेसातची बस किंवा लोकल पकडायची असते, तिथे पूर्ण आकडाच धरावा लागतो.

मला विचाराल तर टाकीत थोडा हात सैल सोडायला हरकत नाही. पैशाची खरी उधळपट्टी होते ती पुढच्या पायरीत.

पायरी ४: किलोवॅट ठरवा

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे एक युनिट. म्हणून सूत्र सोपं आहे: लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले ८६०.

१७७ × ३५ ÷ ८६० = ७.२ युनिट उष्णता. दिवसभरात टाकी निवते त्याचं दीड युनिट धरा. एकूण ८.७.

आता हे किती तासांत करायचंय ते ठरवा. अडीच किलोवॅट उष्णता देणारं यंत्र हे काम साडेतीन तासांत करतं. पाच किलोवॅटचं पावणेदोन तासांत. पण दिवसात चोवीस तास आहेत, मग पावणेदोन तासांत उरकायची घाई कशाला? मोठ्या यंत्राला किंमत जास्त, वीजभार जास्त, बहुधा आवाजही जास्त. छोट्या टाकीला मोठं यंत्र जोडलं तर ते झटकन बंद होतं, थोडं पाणी वापरलं की पुन्हा सुरू होतं. कॉम्प्रेसर झिजतो तो या सारख्या चालू-बंद होण्याने. घरगुती वापराला, पाच-सहा माणसांना, दोन ते तीन किलोवॅट उष्णता देणारं यंत्र पुरतं.

पत्रक वाचताना इथे डोळ्यांत तेल घालून बघा. "१ किलोवॅट" असं लिहिलेलं बहुतेकदा विजेचं असतं, "३ किलोवॅट" उष्णतेचं. दोन्ही एकाच यंत्राचे आकडे असू शकतात. काही पत्रकांत आतल्या जोड-कॉइलचे दीड-दोन किलोवॅटही एकूण क्षमतेत मिळवलेले असतात. ती कॉइल म्हणजे साधा गिझर. तिला एक युनिट विजेत एकच युनिट उष्णता मिळते. विचारा, "कॉइल बंद ठेवून नुसता हीट पंप किती उष्णता देतो?" उत्तर लेखी घ्या.

पायरी ५: थंडीची कपात

पत्रकातला आकडा कोणत्या हवेला आहे? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. हवा जितकी थंड, तितकी तिच्यातून उष्णता ओढणं अवघड. तीस अंशांच्या हवेला लिहिलेला सीओपी नाशिकच्या जानेवारीतल्या पहाटे मिळणार नाही. हवा दहा-बारा अंशांवर आली की उष्णता देण्याची क्षमता एक तृतीयांशाने कमी होईल असं समजून हिशोब करा. मग आमचं अडीच किलोवॅटचं यंत्र पहाटे पावणेदोनच्या आसपास उरतं, आणि पूर्ण टाकी २० वरून ५५ ला न्यायला सव्वातीन तासांऐवजी पावणेपाच तास लागतात.

यावर उपाय मोठं यंत्र नव्हे, टायमर. हिवाळ्यातही नाशिकला दुपारी हवा पंचवीस-अठ्ठावीस अंशांवर असते. टाकी दुपारी एक ते साडेचार तापवा. संध्याकाळी ५५ अंशांवर असलेलं पाणी सकाळी सहाला ५१ अंशांच्या आसपास मिळतं. ५१ अंशांना कढत पाण्याचा वाटा ०.६५ होतो, म्हणजे टाकीतल्या वापरण्याजोग्या १७० लिटरांतून २६० लिटर कोमट पाणी निघतं. आमच्या सकाळच्या २२९ लिटरांना ते पुरून उरतं. दुसरी पाळी आठ ते दहा, सासू-सासऱ्यांसाठी. पहाटे चार वाजता गारठ्यात यंत्र चालवायची वेळच येत नाही.

गच्चीवर सोलर पॅनलची वीज असेल त्यांना तर दुपारची वेळ दुहेरी सोयीची.

पायरी ६: जागा

इथे आमची चूक झाली, ती सविस्तर सांगते.

आमचा पंप ड्राय बाल्कनीत बसवला. आडोसा आहे, पावसापासून सुरक्षित, नळही जवळ. पुढे धूळ नको म्हणून बाल्कनीला सरकत्या काचा लावून घेतल्या. पहिल्या आठवड्यातच टाकी तापायला साडेतीनच्या जागी सहा तास लागायला लागले. ज्यांनी बसवला त्यांनी सांगितलं, "थंडी आहे, होणारच." एके दुपारी मी बाल्कनीचं दार उघडलं तर आत कोल्ड स्टोरेजसारखा गारवा. बाहेर २७ अंश, आत १३. यंत्र हवेतली उष्णता काढून घेतं आणि गार हवा बाहेर फेकतं. ती गार हवा काचांच्या आत कोंडली होती आणि यंत्र तीच पुन्हा ओढत होतं. दोन काचा काढून तिथे जाळी बसवली, त्याच दिवशी वेळ पावणेचार तासांवर आली.

तेव्हा हवा मोकळी यायला आणि मोकळी जायला हवी. यंत्राचं तोंड भिंतीला चिकटून नको.

बाकीच्या गोष्टी भराभर. २०० लिटरची टाकी पाण्याने भरली की यंत्रासकट तीनशे किलोच्या आसपास वजन होतं; ते बीमवर किंवा भिंतीलगत यावं, स्लॅबच्या मधोमध नको. यंत्रातून एसीसारखं पाणी ठिबकतं, पावसाळ्यात जास्तच; त्याला नळी काढा. आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली ठेवू नका. गोव्यात, कोकणात, समुद्राजवळ खाऱ्या वाऱ्याने पत्रा आणि पंखे गंजतात, तिथे लेप दिलेल्या फिनचं (हवेतली उष्णता ओढणाऱ्या पातळ पट्ट्यांचं) यंत्र मागून घ्या.

पायरी ७: पाइप आणि पाणी

टाकीपासून बाथरूम जितकं लांब, तितकं पाणी वाया. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपमध्ये मीटरला पाव लिटर पाणी मावतं. वीस मीटर लांब असेल तर प्रत्येक वेळी पाच लिटर गार पाणी सोडून द्यावं लागतं, आणि तेवढंच तापवलेलं पाणी शेवटी पाइपात निवतं. सहा जणांच्या सहा आंघोळी वेगवेगळ्या वेळी झाल्या तर तीस लिटर गेले. म्हणून टाकी बाथरूमजवळ घ्या. गरम पाण्याच्या पाइपला फोमचं आवरण घाला, भिंतीत गाडण्याआधी. हे काम नंतर होत नाही.

बोअरचं जड पाणी असेल तर टाकीत खार धरतो. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला अॅनोड म्हणतात. गंज टाकीऐवजी त्या कांडीला खातो. वर्षातून एकदा ती काढून बघा. झिजून तार उरली असेल तर बदला. टाकी फुटल्याच्या ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ही कांडी कुणी कधी पाहिलेलीच नसते. नवीन यंत्र घेताना कांडी काढायला वर किंवा बाजूला हातभर जागा राहते का, तेही बघून घ्या.

पाणी तापलं की फुगतं. २०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांना गेलं की पावणेतीन लिटर वाढतं. त्याला वाट हवी, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो आणि त्याची नळी मोरीपर्यंत नेलेली असावी. त्यातून थेंब पडतात म्हणून कुणी ती बंद करून टाकली तर टाकी धोक्यात येते. प्लंबरला हे समोर उभं राहून सांगा.

तापमान किती ठेवायचं? वीज वाचवायला लोक ४५ वर ठेवतात. तसं करू नका. कोमट, साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. ते पाण्याच्या तुषारांतून फुफ्फुसात जातात आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा न्यूमोनिया होऊ शकतो. रोज ५० ते ५५ ठेवा, आठवड्यातून एकदा ६० च्या वर न्या. घरात लहान मूल असेल तर दुसरी काळजी: ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. त्या दिवशी मुलांची बादली मोठ्या माणसाने काढावी, आधी गार, मग गरम.

विजेचं बिल

आमच्या हिशोबात हिवाळ्यात गिझरला दिवसाला ७.२ युनिट लागले असते. हीट पंपाला ८.७ भागिले ३, म्हणजे २.९. रोजची बचत सव्वाचार युनिट, महिन्याला १२५ ते १३०. मे महिन्यात बचत दिवसाला दोन युनिटांवर येते.

पैशात मांडताना सरासरी दर धरू नका. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे आहेत, आणि वाचलेली युनिटं वरच्या टप्प्यातून कमी होतात. महिन्याला ३८० युनिट वापरणाऱ्या घरी ८० युनिट महाग दरातून जातात, उरलेली त्याखालच्या. आपलं बिल समोर ठेवून टप्प्याटप्प्याने वजाबाकी करा. तीन बाथरूमना दोन-दोन किलोवॅटचे गिझर असतील तर एकदम सहा किलोवॅट भार येतो. हीट पंप एक किलोवॅटच्या आसपास ओढतो. एमसीबी आणि अर्थिंग मात्र स्वतंत्र हवं.

दिवाळीत बहीण माहेरी आली तर?

नरक चतुर्दशीला उजाडायच्या आत दहा जणांची अभ्यंगस्नानं, तीही तेल-उटणं लावून. वर्षातल्या त्या चार दिवसांसाठी तीनशे लिटरची टाकी घेऊ नका. आदल्या संध्याकाळी टाकीचं तापमान वाढवून ६५ करा, यंत्र तेवढं जात नसेल तर शेवटचे पाच-दहा अंश कॉइलने चढवा. ६५ अंशांना कढत पाण्याचा वाटा ०.४४ वर येतो. त्याच २०० लिटरच्या टाकीतून, जिथे ५५ ला ३०० लिटर कोमट पाणी मिळायचं, तिथे आता ३८५ लिटर मिळतं. शिवाय एका बाथरूममधला जुना गिझर काढू नका. आमचा खालच्या मजल्यावरचा अजून आहे, पाहुणे आले की त्याचं बटण दाबतो.

बसवल्यावर पहिल्या आठवड्यात

पैसे पूर्ण चुकते करण्याआधी एक दिवस ही चाचणी घ्या. कॉइल बंद ठेवा. संपूर्ण टाकी गार पाण्याने भरलेली असताना तापमान टिपा, विजेच्या मीटरचा आकडा टिपा, घड्याळ बघा. ५५ झालं की पुन्हा तिन्ही टिपा. लिटर गुणिले अंश भागिले ८६०, हे आलं पाण्याला मिळालेलं युनिट. त्याला मीटरवरच्या फरकाने भागा, तुमच्या घरातला खरा सीओपी मिळेल. त्या वेळात घरातला एसी, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर बंद असू द्या. फ्रिज आणि दिव्यांचा थोडा खर्च वजा करा. दुपारच्या हवेत उत्तर तीनच्या बरंच खाली आलं तर हवा कोंडतेय का ते आधी बघा, मग बसवणाऱ्याला बोलवा. आणि टाकी किती अंशांनी उतरली की यंत्र पुन्हा सुरू व्हावं, हा आकडा सेटिंगमध्ये आठ-दहावर ठेवून घ्या. आमच्याकडे तो पाचवर होता आणि धाकट्याने हात धुतले की पंप सुरू व्हायचा.